नसीफच्या नावावरचं घर

दलाल वजीहने जाहिरातीत लिहिलं होतं, 'पाइनच्या रानातलं, स्वतःचा स्वभाव असलेलं दगडी घर'. ते वाचून वदादने चष्मा काढला, एप्रनला पुसला आणि पुन्हा वाचलं.

"छप्पर गळतं, हिवाळ्यात दार फुगून बसतं, आणि नळाला चापट मारल्याशिवाय पाणी येत नाही," ती म्हणाली. "ह्याला स्वभाव म्हणतात होय रे? मग माझा नवरा फारच स्वभावाचा आहे म्हणायचं."

वजीहने मान खाली घातली. वदाद नवऱ्याबद्दल बोलताना 'होता' म्हणत नसे, हे सगळ्या गावाला माहीत होतं. लढाईच्या दिवसांत नसीफ पाइनच्या बियांची पोती घेऊन सैदाच्या बाजारात गेला, तो वाटेतल्या कुठल्याशा नाक्यावर गाडीतून उतरवला गेला. कुणी उतरवला, कुठे नेला, कुणी सांगितलं नाही. त्याला आता चाळीस वर्षं होत आली.

"खाल्ती," वजीह म्हणाला. गावातली सगळी तरुण माणसं तिला खाल्ती, म्हणजे मावशीच म्हणत. "घर नसीफकाकांच्या नावावर आहे. माणूस हरवलेला असला तर त्याचं घर विकता येत नाही. तुम्ही एकदा कोर्टात सांगा की ते..."

"कॉफी पितोस का?"

"बिनसाखरेची चालेल. मला मधुमेह आहे."

"ह्या घरात बिनसाखरेची होत नाही," असं म्हणून तिने त्याच्यापुढे पाण्याचा पेला आणून आपटला.

त्यात नवल नव्हतं. त्या डोंगरात मयताच्या घरी कॉफी बिनसाखरेची देतात. एरवी पाहुणा कप रिकामा करून 'दायमे' म्हणतो, ही अशीच मिळत राहो. मयताच्या घरी ते कुणी म्हणत नाही. नसीफ गेला त्या वर्षी गावच्या बायका काळे कपडे घालून समाचाराला आल्या, तर वदादने त्यांना चमचा उभा राहील इतकी गोड कॉफी पाजली आणि एकेकीच्या तोंडून 'दायमे' वदवून घेतलं. तेव्हापासून समाचाराला कुणी आलं नाही.

घर विकायचा हट्ट तिच्या मुलीचा, लमियाचा. ती कॅनडात. मागच्या हिवाळ्यात वदाद स्वयंपाकघरात पाय घसरून पडली आणि रात्रभर फरशीवरच राहिली. सकाळी खालच्या घरातली उम्म जिर्यस दूध घेऊन आली म्हणून वाचली.

"आई, ती आली नसती तर?" लमिया फोनवर रडत होती.

"आली ना पण."

"तू इकडे ये. माझ्याजवळ राहा."

"आणि बाबा आले नि दाराला कुलूप दिसलं तर? कुठे जातील ते?"

बाप गेला तेव्हा ती पाळण्यात होती. बाप म्हणजे दारामागच्या खुंटीवरचा तपकिरी कोट, एवढंच तिला ठाऊक. मग वदादनेच विचारलं, तिकडे बर्फ पडलं का.

मुलीचं मन मोडवेना, म्हणून वदाद घर बघायला येणाऱ्यांना येऊ देई आणि आपल्या पद्धतीने वाटेला लावी. एका बैरूतच्या डॉक्टरला तिने सांगितलं की तरसं ओट्यावर येऊन झोपतात, बिचारी काही करत नाहीत, फक्त चपला खातात. एका बाईला माळ्यावरचे साप मोजून दाखवायची तयारी दाखवली. लोक तीन कमानींच्या खिडकीसमोर उभे राहत, खालची पाइनची हिरवी दरी बघून हरखत, आणि मग घाईघाईने निघून जात. संध्याकाळी उम्म जिर्यसच्या ओट्यावर दोघी म्हाताऱ्या ह्यावर पोट धरून हसत. घरी परतल्यावर मात्र वदाद दिवा लावी, खुंटीवरचा कोट झटके आणि दाराची किल्ली तुळशीसारख्या वासाच्या रिहानच्या कुंडीखाली ठेवी. नसीफला ती जागा माहीत होती.

जायच्या दिवशी त्याने गाडीत चढताना मागे वळून म्हटलं होतं, "तूच पुर मला." त्या भागात जिवाच्या माणसाला असंच म्हणतात: तुझ्याआधी मी जावं, तुझ्यावाचून मला एक दिवसही काढायला लागू नये. तिनेही लाडात आलेल्या नवऱ्याला द्यावं तसं उत्तर दिलं होतं. "पुरीन, पण आधी साखर घेऊन ये. संपलीय."

शरदातल्या एका दुपारी ती उम्म जिर्यसकडे ऑलिव्ह ठेचायला बसली होती. वजीहने एका जोडप्याला संध्याकाळची वेळ दिली होती. ऊन कलायला लागलं तशी ती उठली, आणि उम्म जिर्यसही काठी टेकत मागे निघाली, तमाशा बघायला.

वळणावर येऊन वदादने वर पाहिलं. घराचं दार सताड उघडं होतं. आत, खिडकीच्या मधल्या कमानीत एक पुरुष पाठमोरा उभा होता. रुंद खांदे, काळे केस, एक हात चौकटीवर टेकलेला.

तिच्या हातातली ऑलिव्हची बरणी खाली पडली. दुखरा गुडघा विसरून ती पळत सुटली. कसलं पळणं ते, धाप लागत होती, पायात झगा येत होता, पण ती पळत होती आणि रागाने ओरडत होती, "इतका उशीर? इतका उशीर करतात का रे?"

माणूस वळला. तिशीतला कुणी परका पोरगा. त्याच्यामागे त्याची बायको उभी होती, हातात किल्ली घेऊन.

"माफ करा हं, खाल्ती," तो गडबडून म्हणाला. "मी रामी, ही यारा. आम्ही लवकर पोचलो. वजीहने सांगितलं, किल्ली कुंडीखाली असते म्हणून..."

वदाद उंबऱ्यातच थांबली. त्या पोराच्या तोंडाकडे बघत राहिली. नसीफ गेला तेव्हा एवढाच होता, असाच गुळगुळीत कपाळाचा. इतकी वर्षं ती ह्याच वयाच्या माणसाची वाट बघत होती. रोज कोट झटकला तो ह्या खांद्यांसाठी. पण तो नसीफ आता कुठून येणार? जिवंत असता तरी म्हातारा झाला असता, दात पडले असते, उम्म जिर्यससारखी काठी टेकत चढण चढला असता. त्या म्हाताऱ्या नसीफची तिने कधी वाटच बघितली नव्हती. एकदाही तो तिच्या डोळ्यांपुढे आला नव्हता. तो नाही, हे आपल्याला केव्हाचं कळलंय, तिच्या मनात आलं, आणि तिने दाराची चौकट धरली.

याराने तिला धरून खुर्चीत बसवलं. "पाणी देऊ?"

"नको," वदाद म्हणाली. "बसा तुम्ही. कॉफी करते."

ना तरसं आली, ना साप. उम्म जिर्यस धापा टाकत येऊन पोचली आणि भिंतीकडेला बसली. आत नळाला चापट मारल्याचा आवाज आला. वदाद चार छोटे कप घेऊन बाहेर आली. एक थेंबही सांडला नाही.

उम्म जिर्यसने पहिला कडू घोट घेतला आणि थांबली. तिने वदादकडे पाहिलं. पुन्हा एक घोट घेतला, जणू खात्री करून घ्यायला. मग कप बाजूला ठेवला, काठीवर भार देऊन उठली, वदादसमोर उभी राहिली आणि डोक्यावरचा रुमाल नीट करून म्हणाली,

"देव त्याला शांती देवो, बाई."

रामीच्या ओठांवर 'दायमे' आलं होतं. याराने त्याच्या मनगटावर हात ठेवला, आणि दोघंही उठून उभी राहिली.

"तुला आयुष्य मिळो," वदादने रीतीप्रमाणे उत्तर दिलं. "चांगला माणूस होता गं."

उम्म जिर्यसने तिला छातीशी धरलं. दोघी रडल्या, मोठ्याने, शेजारणी मयताच्या घरी रडतात तशा. यारालाही रडू आलं, का ते तिला धड ठाऊक नव्हतं.

बाहेर अंधारायला लागलं होतं. गार वारं आत येत होतं, म्हणून रामी दार लोटायला गेला.

"राहू दे पोरा," वदाद म्हणाली. "उम्म जिर्यस आता खाली जाऊन सांगेल. लोक येतील."