कन्नड उमटवणारा संगणक

बाळांनो, डोळे मिटू नका. उघडेच ठेवा आणि माझ्याबरोबर महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कमलनगरला चला. बसस्टँडमागच्या गल्लीत एका घरासमोर चपलांचा ढीग पडला आहे. आत टेबलावर जुना संगणक, त्याला झेंडूचा हार, पुढे उदबत्ती. माणसं हात जोडून पडद्याकडे बघत आहेत. पडद्यावर कन्नड अक्षरांची एकच ओळ.

घर सोमशेखरचं. त्याची बायको सुधारानी याच संगणकावर लोकांचे अर्ज टाईप करायची. कुणाला मराठीत, कुणाला कन्नडात. आजारपणात तिने लेकीसाठी रोज एक गोष्ट स्वतःच्या आवाजात भरून ठेवली होती. मग ती गेली. लेक महादेवी मराठी शाळेत सहावीला. झोपायच्या आधी ती अव्वाची, म्हणजे आईची, एक गोष्ट ऐकायची.

त्या दिवशी ती शाळेचा निबंध टाईप करत होती. नजर कळांवर. मान वर केली तर पडद्यावर सगळं कन्नड!

"अप्पा! मराठी लिहायलेय, कन्नड उमटायलंय!"

सोमशेखरने ओळ वाचली. अक्षरं कन्नड, पण शब्द मराठी. 'मी तुझी वाट बघते.'

"ते मीच लिहिलंय, अप्पा. अव्वाला पत्र लिही म्हणून निबंध होता."

"तू कशाला लिहितीस गं?" शेजारची ईरम्मा दारातूनच म्हणाली. "तुला कन्नड धड वाचाया येत न्हाई, लिहिती व्हय! तुझ्या हातून तीच लिहायली. सुधारानी लेकीशी मराठीच बोलायची का न्हाई?"

गल्लीभर बातमी पसरली. हार आला, नारळ आला. तिसऱ्या दिवशी संगणकातली भुतं काढणारे सिस्टीमस्वामी आले.

स्वामींच्या गळ्यात चांदीची डबी होती. आपल्याकडे अशी डबी दिसली की आत इष्टलिंग, म्हणजे लिंगायतांचं रोजच्या पूजेचं शिवलिंग आहे, असं समजून हात आपोआप जोडले जातात. कुणी विचारत नाही.

"आत्मा हार्डडिस्कमध्ये अडकलाय," डोळे फिरवत स्वामी म्हणाले. "सी-ड्राइव्हमध्ये पाय, डी-ड्राइव्हमध्ये श्वास! तडफडायलीय बिचारी. मोकळी करायची का न्हाई?"

"तिला त्रास होत असंल तर सोडवा, स्वामी," सोमशेखर म्हणाला. त्याला बाकी काही नको होतं.

"आणि अव्वाच्या गोष्टी?" महादेवीने विचारलं.

"तिच्या आवाजालाच गाठ बसलीय, पोरी. तो जाऊ दिल्याबिगर ती जाईल कशी?"

स्वामींनी पडद्यावर आणि संगणकावर उपरणं टाकलं, त्याखाली हात घालून डबी संगणकाला टेकवली. "सी शुद्धी, डी मुक्ती, स्वाहा!" बराच वेळ मंत्र चालला. उपरणं उचललं तर पडदा नवा, रंग नवा, चित्रं नवी. कन्नड उमटेना. "गेली! मोकळी झाली!" लोकांनी जयजयकार केला. सोमशेखर भिंतीला टेकून रडला.

त्या रात्री महादेवीने गोष्टी शोधल्या. एकही नव्हती.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या संगणकावर तिचं मराठी पुन्हा कन्नड झालं. ती खुर्चीतून उठलीच.

"सर, अव्वा इथं कशी आली?"

संगणक शिकवणारे रत्नपाल सर हसले नाहीत. "पडद्याच्या कोपऱ्यातलं भाषेचं अक्षर बघ. आत्ता शिफ्टबरोबर कुठली कळ दाबली होतीस? पुन्हा दाब."

तिने दोन्ही कळा एकदम दाबल्या. मराठी आलं. पुन्हा दाबल्या, कन्नड. 'म'ची कळ एकच. भाषा बदलली की तीच कळ कन्नड 'म' देते. शाळेत दोन्ही भाषा शिकवत, म्हणून इथे ही सोय होती; घरी अव्वाला दोन्ही भाषांत अर्ज लिहावे लागत, म्हणून तिने ती करून ठेवली होती.

महादेवी किती तरी वेळ त्या कळा दाबत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे अव्वा आत नव्हतीच. पण तिचा आवाज होता, सर."

सरांनी तिच्या घरी येऊन त्या संगणकावर खूप खटपट केली. पण स्वामींनी सगळ्या डिस्कवर स्वतःची भजनं भरली होती. हाती काही लागलं नाही.

आठ दिवसांनी ईरम्माचा संगणक सुरू होईना. त्यात तिच्या मेलेल्या नवऱ्याचे फोटो होते. स्वामी आले, उपरणं काढलं. महादेवी सरांना घेऊन पुढे झाली.

"स्वामी, डबीतलं लिंग दाखवा की."

"शिवू नको! भस्म होशील!"

"मग मला दाखवा," ईरम्मा म्हणाली. "मी रोज लिंगपूजा करते. मी कामून भस्म होईन?"

सगळ्यांच्या नजरा डबीवर. स्वामींना ती उघडावी लागली. आत पेनड्राइव्ह!

महादेवीने तो संगणकाला लावला. पडदा उजळला. तिथे दोन पर्याय होते: 'नुसतं वापरून पाहा' आणि 'सगळं पुसून बसवा'. तिने पहिला निवडला. जुन्या डिस्कला धक्का न लावता ती उघडली, आणि ईरम्माचा नवरा फेटा बांधून हसताना दिसला.

"मग माझ्या घरी हे कामून न्हाई केलं?" सोमशेखरने विचारलं. स्वामी उपरणं उचलून दाराकडे वळले. तिथे नुसतं वापरून पाहिलं असतं तर जुना पडदा परत आला असता, चमत्कार दिसला नसता.

बाळांनो, पेनड्राइव्हमधली, संगणक चालवणारी ती प्रणाली फुकट आणि मुक्त. जगभरच्या माणसांनी ती मिळून बनवली, कुणीही आत बघावं, शिकावं, दुसऱ्याला द्यावं म्हणून. तीच या माणसाने डबीत कोंडली. तुम्ही कंपनीची विकत घेतलेली प्रणाली वापरा, नाहीतर ही मुक्त वापरा. भूत कोणत्याच प्रणालीत शिरत नाही. जो 'आत बघू नका' म्हणतो, त्याला आधी डबी उघडायला सांगा. आणि पुसण्याआधी दुसरीकडे उतरवून घ्या. पुसलेलं कोणत्याही मंत्राने परत येत नाही.

महादेवी घरी आली. संगणकावरचा सुकलेला हार तिने काढून ठेवला. "अप्पा, अव्वाची ती चिमणीची गोष्ट येते तुम्हाला?"

"थोडी येते."

"थोडीच सांगा."

तिने आवाज भरायचं बटण दाबलं. सोमशेखर अडखळत सांगत होता. मधेच थांबला, तेव्हाही तिने बटण बंद केलं नाही. गोष्ट संपल्यावर तिने ती दोन ठिकाणी जपून ठेवली.