तात्यांच्या गालातलं एपिथेलियम

बजरंगतात्यांच्या गालात आतून एक जखम होती. दोन महिने झाले तरी भरत नव्हती. तंबाखूची सवय पाहून डॉक्टरांनी तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि स्वतः मेव्हणीच्या लग्नाला निघून गेले. शुक्रवारी दुपारी, मार्केट यार्डातल्या कांद्याच्या गाळ्यावर, मोबाईलवर रिपोर्ट आला. तात्यांनी चष्मा लावून अक्षराला अक्षर जुळवत पहिली ओळ वाचली : स्ट्रॅटिफाइड स्क्वॅमस एपिथेलियम. साध्या आजाराला एवढं लांबलचक नाव कोण ठेवतंय? पुढचं वाचायची त्यांना गरजच वाटली नाही.

शेजारच्या गाळ्यावरच्या सोनबांना त्यांनी नाव ऐकवलं. सोनबांनी मान डोलावली. "माझ्या साडूला ह्येच झालतं."

"मग?"

"लई चांगला माणूस व्हता."

तात्या रिक्षा करून विश्रांतवाडीला घरी आले आणि वाटण्या करायला बसले. गाळा थोरल्याला, मोटारसायकल धाकट्याला, आणि भिंतीवरचं बंद घड्याळ जावयाला.

"अहो, हे काय सुचतंय आज?" तुळजाबाई म्हणाल्या.

"सुचतंय तवर लिहून घे."

संध्याकाळी सून निशा शाळेतून आली. ती नववीला विज्ञान शिकवते. तिने ती ओळ वाचली. "तात्या, हा आजार नाही. हे गालाचं अस्तर आहे."

"पर मला हाय ना ते?"

"सगळ्यांनाच आहे. चपट्या पेशींचे थरावर थर. खाताना वरचे झिजतात, खालचे वर येतात."

"कांद्यावानी?"

"तसंच समजा. जशी जागा तसं अस्तर. फुप्फुसात एकच पातळ थर, हवा आरपार जायला. आतड्यात खांबासारख्या उभ्या पेशी, मूत्रपिंडात चौकोनी ठोकळे. श्वासनळीत तर बारीक केस, कचरा वर ढकलतात."

"म्हंजे आत झाडूवाले बी हाईत."

"आणि ते सुट्टी घेत नाहीत."

"आन् वाईट काय लिवलंय?"

निशाने शेवटची ओळ वाचली. "कर्करोगाची खूण नाही. सतत घासून झालेली जखम. दाताचं टोक लागत असणार. तंबाखू मात्र आजपासून बंद."

तात्या जेवायला बसले. दुसऱ्याच घासाला डोळ्यांतून पाणी घळघळा वाहू लागलं.

"काय झालं?" तुळजाबाईंनी विचारलं.

"ठेचा झोंबला."

तुळजाबाईंनी ताटाकडे पाहिलं. ताटात नुसता दूधभात होता. त्या उठल्या आणि त्यांनी ताटाच्या कडेला चिमूटभर ठेचा वाढला.