पटव्याचा दोरा

"वाक, दादा, वाक. आवाज येत नही," शब्बीरभाई खिडकीतून म्हणाला.

तीन नंबरची खिडकी मुद्दाम कुणी खाली बसवली नव्हती. बाहेरच्या ओट्यावर दोन वर्षांपूर्वी नवी फरशी चढली, ओटा वर आला आणि खिडकी आपोआप खाली गेली. तेव्हापासून जो येई तो कमरेत वाकूनच बोले. आत्ता वाकला होता तो धडगावच्या वरच्या पाड्यावरचा रेवजी. त्याची बायको बेबीबाई वाकू शकत नव्हती. पोटावर हात धरून ती भिंतीला टेकली होती.

"देवनी खिडकी शे का ही?" ती म्हणाली. "इतलं वाकनं पडस!"

रांगेतले दोघेतिघे हसले. शब्बीरभाईसुद्धा हसला. बाई आजारी होती, चेहरा हळदीसारखा पिवळा झाला होता, तरी जीभ शाबूत होती.

"रेशनकार्ड?"

"मुकादमकडे शे, गुजरातमा," रेवजी म्हणाला. "ऊसतोडले गयथूत. टोळी पळी नको जावाले म्हनीसन त्यानी कार्ड ठी लिधं."

म्हणजे सरकारी योजनेचं दार बंद. कार्डाचा नंबर टाकल्याशिवाय तो संगणक पुढे सरकत नसे. राहिली ट्रस्टची मोफत खाट. तळोद्याबाहेरच्या या रुग्णालयात गरिबांसाठी अशा थोड्या खाटा राखलेल्या होत्या, आणि त्या महिन्यातली एकच शिल्लक होती. ती कुणाला द्यायची, हे ठरवणारा अर्ज शब्बीरभाई भरत असे.

"जमीन?"

"दोन एकर. डोंगरनी."

"घर?"

"कुडनं."

"ढोरं?"

"एक बैल."

"एकच? अन् जोडी?"

"दुसरा भाऊना. पेरनीले दोन्ही एक करतस."

तेवढ्यात अतिका सिस्टर तपासणीचा कागद घेऊन आली. "चाचा, डॉक्टरसाहेब म्हणाले, गर्भपिशवी काढावीच लागेल. आठ दिवसांच्या आत. रक्त फार गेलंय." मग ओशाळून म्हणाली, "बीपी घ्यायला यांचा बाजूबंद काढायचा होता. गाठ काही सुटेना. शेवटी दोरा कापला मी. बँडेजची पट्टी लावून परत बांधलाय."

"पटव्याची गाठ ती. सुटायची नाहीच," शब्बीरभाई म्हणाला, आणि मग त्याने मान वर करून बेबीबाईकडे नीट पाहिलं.

गळ्यात अंगठ्याएवढी जाड हांसडी. तिच्याखाली जुन्या रुपयांची माळ. दोन्ही दंडांत बाजूबंद, कमरेला रुंद कंदोरा. सगळी चांदी, अस्सल. शब्बीरभाईला तराजू लागत नव्हता. त्याचे वडील पटवे होते. डोंगरातल्या बायकांचे दागिने रेशमात गाठून द्यायचे हे घराण्याचं काम, आणि बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत शब्बीर त्यांच्या शेजारी बसून ते हाताळत असे. डोळ्यांनीच वजन कळे. ही चांदी किलोच्या वर होती, आणि चांदीचा भाव तर आताशा विचारायलाच नको असा झाला होता.

अर्जात 'दागिने' असा रकाना नव्हता. 'शेरा' असा होता. शब्बीरभाईने आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं : अंगावर चांदी. ऐपत आहे.

"अर्धा पैसा भरना पडी," तो रेवजीला म्हणाला. "अर्धा ट्रस्ट भरी. पैसा लई या, दुसराच दिन ऑपरेशन."

रेवजीने आकडा ऐकला. तो घासाघीस करील, हात जोडील असं शब्बीरभाईला वाटलं होतं. त्याने फक्त बायकोकडे पाहिलं, आणि त्यांच्या बोलीत दोघं दोन वाक्यं बोलली.

"जाई ईसूत," तो म्हणाला. जाऊन येतो.

शब्बीरभाईने अर्ज आणि तपासणीचा कागद एका फाईलला लावून ती बाहेर सरकवली. "ही फाईल जपी ठेव. हरावू नको. इशी तवय आठेच आनी दे."

रेवजीने फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीला दोन गाठी मारल्या. बेबीबाई भिंतीचा आधार सोडून निघाली. जाताना कंदोऱ्याचे घुंगरू हलके वाजले.

शब्बीरभाई वाईट माणूस नव्हता. ही गोष्ट आधीच सांगितलेली बरी. सव्वीस वर्षं तो त्या खिडकीत बसला. वडिलांचं दुकान बसलं, डोंगरातल्या पोरी बाजारातले तयार हार घालू लागल्या, तेव्हा बारावी झालेल्या शब्बीरला ट्रस्टने कारकून म्हणून घेतलं. या सव्वीस वर्षांत मळके कपडे घालून आलेला दुकानदार त्याने ओळखला होता, उसनं कार्ड आणणारा ट्रॅक्टरवाला ओळखला होता. खोटं बोलून एकाने खाट घेतली की खऱ्या गरजेचं माणूस ओट्यावर झोपतं, हे त्याने पाहिलं होतं. म्हणून तो कडक होता. संस्थेच्या व्यवस्थापक जागृती मॅडम दर बैठकीत म्हणत, "शब्बीरभाई आहेत म्हणून सवलत योग्य हातात जाते." ते वाक्य तो घरी जाऊन अख्तरबानोला सांगे. ती म्हणे, "पगार में जुडता है क्या वो?"

दुपारी तो गेटसमोर गिरधरच्या टपरीवर चहाला गेला. औषधाच्या दुकानातला पितांबर तिथे आधीच बाकावर पसरला होता, आणि विषय नेहमीचाच होता.

"मी टॅक्स भरस," पितांबर म्हणत होता, "अन् फुकट कोनले? वरला डोंगरवालासले!"

"तू टॅक्स भरस?" गिरधर म्हणाला. "तू तं मन्हा चहाना पैसा भरत नही!"

"हासू नको. ज्यानं दुखस त्यानी भरनं. साधा हिशोब."

"अरे वा! तुन्ही दुकानले आग लागनी, बंब ऊना, तं बंबवाला पैसा मांगी का पहिले? सरकारनं काम शे ते. तब्येतनं बी तसंच."

"सरकार म्हनजे कोन? आपलाच खिसा ना?"

"मंग खिसामा हात घाल अन् पहिले मन्हा सात चहा काढ!"

बाकावरचे सगळे हसले. पितांबर चिडून शब्बीरभाईकडे वळला. "तू सांग. सरकार योजना देस, ट्रस्ट खाट देस. अन् तू काय देस?"

"मी?" शब्बीरभाई बशीत चहा ओतत म्हणाला. "मी शेरा देस."

पुन्हा हशा झाला. त्यालाही ते आवडलं. संध्याकाळपर्यंत त्याने ते वाक्य आणखी दोघांना ऐकवलं.

शिल्लक खाट दुसऱ्या दिवशी खापर गावच्या एका सालदाराच्या बायकोला मिळाली. ती बरी होऊन घरी गेली आणि तिच्या नवऱ्याने दोन पपया आणून खिडकीत ठेवल्या. शब्बीरभाईने त्या घरी नेल्या. पपई गोड होती.

आठवा दिवस आला. डॉक्टर खिडकीशी थांबले. "ती धडगावकडची बाई आली नाही का? तिला उशीर परवडणारा नाही."

"येतील, साहेब. पैशांची जुळवाजुळव चालली असेल."

त्याने नोंदवहीत उतरवलेला रेवजीचा नंबर लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पाड्यावर रेंज मिळायला टेकडी चढावी लागते, हे त्याला ठाऊक होतं. नवव्या दिवशीही लावला. दहाव्या दिवशी पुढ्यात रांग मोठी होती.

होळीआधीचा आठवडी बाजार म्हणजे तळोद्यात पाय ठेवायला जागा नसते. डोंगरातून जीपा भरभरून उतरतात, बायका असेल नसेल ती चांदी अंगावर घालून येतात. त्या दिवशी रुग्णालयात मात्र शुकशुकाट असतो. सणाच्या तोंडावर कुणी आजार काढत नाही. शब्बीरभाई वर्तमानपत्र वाचत होता. खिडकीत सावली पडली. कुणीतरी वाकलं आणि प्लास्टिकची पिशवी आत सरकवली. पिशवीला दोन गाठी होत्या.

"फाईल आनी," रेवजी म्हणाला.

"ऊना का! कितला उशीर कया रे! बाई कोठे शे?"

"बाई नही."

शब्बीरभाईने वर्तमानपत्र बाजूला सारलं.

"सातवा दिन गई," रेवजी म्हणाला. त्याचा आवाज सपाट होता, सांगून सांगून झिजलेला. "बैल ईकना व्हता. एकला बैलले गिऱ्हाईक मिळत नही. भाऊनी त्यान्हा बी दिधा, जोडी करी. बजारले लई जावाना व्हतूत, त्याच दिन पहाटे." त्याने पिशवीकडे बोट केलं. "तुम्हीन सांगेल व्हतं, फाईल हरावू नको. म्हनीसन आनी."

शब्बीरभाईने गाठी सोडल्या. फाईल स्वच्छ होती, एकही डाग नव्हता. ती चाळायची गरज नव्हती. तरी तो चाळत राहिला, कारण वर पाहणं जमत नव्हतं.

"एक इचारनं व्हतं," रेवजी म्हणाला. "मन्ही पोर आश्रमशाळामा शे. चौथीमा. तिनी ही फाईल वाची. इंग्रजी नही आलं, पन आठे मराठी शे ना, ते वाचं." त्याचं बोट बरोबर जागेवर गेलं. त्याने ती जागा पाठ केली होती. "अंगावर चांदी. हाई आमले समजनं. पुढे शे, ऐपत आहे. ऐपत म्हनजे काय, तिले नही समजनं. मालेबी नही. ती म्हने गुरुजीले इचारसू. मी म्हनं, ज्यानी लिखं त्यालेच इचारी लेसू."

शब्द सोपा होता. शाळेच्या मुलाला एका वाक्यात सांगता आला असता.

"ती चांदी..." शब्बीरभाई म्हणाला. "ती ईकती तं..."

"चांदी?" रेवजी मागे वळला. "ती काय, तठे शे."

गेटजवळच्या निंबाखाली चार बायका बसल्या होत्या. बाजाराचं सामान मध्ये ठेवलं होतं. एकीच्या गळ्यात ती जाड हांसडी होती. दुसरीच्या गळ्यात रुपयांची माळ. तिसरीच्या कमरेला कंदोरा. चौथीच्या दंडांत बाजूबंद.

"हांसडी मन्ही काकीनी. माळ भावजाईनी. कंदोरा शेजारनीना. बाजूबंद त्या रुपाबाईना. सगळ्यासनी दिधं. म्हनेत, मोठा दवाखाना शे, रिकामी मान देखी तं जमीनवर बसाडतीन. चांदी देखी तं मानूसनागत बोलतीन."

शब्बीरभाई उठला. दाराने बाहेर आला आणि निंबाखाली जाऊन उभा राहिला. बायकांनी त्याच्याकडे पाहिलं, पदर सावरले.

तो दोरे पाहत होता. हांसडीची टोकं मानेला काचू नयेत म्हणून गुंडाळलेला दोरा हिरवा. माळेचा काळा. कंदोऱ्याचा पिवळा. उजव्या बाजूबंदाचा लाल.

अब्बा हेच शिकवत. चांदी नंतर बघ, आधी दोरा बघ. डोंगरात लग्नाला दागिने मागून घालतात, परत देताना कुणाचं कुणाकडे जाऊ नये म्हणून प्रत्येक घराचा रंग ठरलेला. एका अंगावर चार रंग दिसले की समजायचं, चार घरं या बाईच्या पाठीशी आहेत. त्या दिवशीही हेच चार रंग त्याच्यासमोर होते, हाताच्या अंतरावर. त्याने वजन केलं होतं.

डाव्या बाजूबंदाला लाल दोरा नव्हता. अतिका सिस्टरने बांधलेली बँडेजची पट्टी होती, मळून काळपट झालेली.

"हाई अजून तशीच?" त्याने विचारलं.

"गाठाले कोनी ऱ्हायनं नही ना, भाऊ, आते बजारमा," रुपाबाई म्हणाली. "चारी दुकानं फिरनू."

शब्बीरभाई समोरच्या गोटा-किनार विकणाऱ्या दुकानातून लाल रेशमाची लडी घेऊन आला. ओट्यावर मांडी घालून बसला, चप्पल काढली, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि दुसरं हातात ताणलं. रुपाबाईने उतरवून दिलेल्या बाजूबंदाची पट्टी कापून बाजूला ठेवली. पस्तीस वर्षं हे काम त्याने केलं नव्हतं. पहिला पीळ उलटा गेला. त्याने तो सोडवला. मग बोटांना आठवलं. बायका भोवती येऊन बसल्या. गिरधरच्या टपरीवरून पितांबर मान वाकडी करून पाहत होता.

शेवटची गाठ त्याने दातात धरून आवळली. रुपाबाईने बाजूबंद दंडात चढवला, हात वर करून पाहिला.

"कितला?"

त्याने मान हलवली.

"नही, भाऊ," रुपाबाई म्हणाली. "तिन्हासाठे दोरा तुटना. मरेल बाईनं काम शे, उधार ठेवतस नही." तिने कनवटीची वीस रुपयांची नोट काढली आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवली. ती परत करता येणार नाही, हे त्याला कळलं. त्याने नोट घेतली.

बायका सामान उचलू लागल्या. जीपवाला हॉर्न वाजवत होता. रेवजी तिथेच उभा राहिला.

"पोर इचारी," तो म्हणाला. "काय सांगू?"

शब्बीरभाईने रेशमाचा उरलेला धागा बोटाला गुंडाळला.

"तिले सांग, मी चुकीनं लिखं व्हतं."

रेवजीने थोडा विचार केला. शाळेत जाणाऱ्या मुलीचा बाप होता. चुकलेल्या शब्दाचं काय करतात, ते त्याने तिच्या वहीत पाहिलं होतं.

"मंग खोडी टाका," तो म्हणाला.

शब्बीरभाईने खिडकीत हात घालून फाईल बाहेर घेतली. खिशातलं पेन काढलं. फाईल मांडीवर ठेवून त्याने त्या ओळीवर रेघ ओढली. रेवजी शेजारी उकिडवा बसला आणि शाईवर बोट न लागेल अशा बेताने रेघेवरून बोट नेऊ लागला.

"शेवटलोंग नही गई," तो म्हणाला.

शब्बीरभाईने पेन पुन्हा टेकवलं आणि रेघ शेवटपर्यंत नेली.