दोनाचे तीन

लिंबाचा केक तिसऱ्यांदा मधोमध बसला, तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

पहिल्यांदा बसला तेव्हा मी स्वतःला दोष दिला. दुसऱ्यांदा ओव्हनला. माझा नवरा वीजजोडणीची कामं करतो. त्याने ओव्हन भिंतीपासून ओढला, मागची पट्टी काढून तारा तपासल्या, आत तापमापक ठेवून अर्धा तास समोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "ओव्हन ठणठणीत आहे." म्हणजे दोष फिरून माझ्याकडेच आला. म्हणून तिसऱ्या वेळी मी बेकिंग पावडरचा नवा डबा फोडला, लोणी, साखर, मैदा सगळं काट्यावर तोलून घेतलं, वहीत लिहिलंय ते शब्दाला शब्द केलं. केक टम्म फुगला, भांड्याच्या काठापर्यंत आला, आणि मग काचेतून माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू खाली गेला.

टेबलावर सगळे जपून खात होते. जुळ्या सहा वर्षांच्या. एकीने केकच्या खड्ड्यात चमचा घातला आणि म्हणाली, "आईचा असा नव्हता."

"नव्हताच," दुसरी म्हणाली.

त्यांना काय आठवणार? आई गेली तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या. मोठी बहीण जे सांगेल तेच त्यांना आठवायचं. मी मोठीकडे पाहिलं. ती तेरा वर्षांची. ताटलीकडे बघत होती, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू असेल, नसेलही.

या घरात येऊन मला आठ महिने झाले होते आणि दिवस गेल्याला पाचवा महिना लागला होता. लग्न झालं त्या आठवड्यात नवऱ्याने कपाटाच्या वरच्या फळीवरून ती वही काढून दिली होती. जाड पुठ्ठ्याची, पानापानावर लोण्याचे डाग. "यातलं काही केलंस तर मुलींना बरं वाटेल," तो म्हणाला. त्याची पहिली बायको सुंदर लिहायची. प्रत्येक पाककृतीच्या बाजूला कुणाला काय आवडतं ते बारीक अक्षरात टिपलेलं. 'मोठीला कडेचा तुकडा.' 'यांना लिंबू जास्त.' ती माणसं आता माझ्या टेबलाशी जेवत होती, आणि त्यांच्या आवडीनिवडी मला तिला विचारून कळत होत्या. खरं सांगायचं तर मी त्या अक्षराला घाबरायचे.

दालचिनीचे बन केले, ते दगड झाले. आल्याची बिस्किटं केली, तर जुळ्यांच्या डोळ्यांतून पाणी. ब्रेड खारट. तिच्या हाताला चव होती, आपल्या हाताला नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती. पण पंधरा वर्षं मी औषधांच्या दुकानात काम करते आहे. माझा हात मोजमापात चुकत नाही. चुकला असता तर कधीच घरी बसले असते. हात बरोबर, ओव्हन बरोबर, मग राहिलं काय? वही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बाहेर पडल्यावर मी वही घेऊन खिडकीशी उभी राहिले. दुकानात असं रोज करावं लागतं. लोक डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे आकडे बदलून आणतात. दहा गोळ्यांच्या वीस, एका बाटलीच्या दोन. कागद उजेडात तिरका धरला की दुसऱ्यांदा फिरलेलं पेन दिसतं, तिथे कागद जरा दबलेला असतो. मी केकचं पान तिरकं धरलं. 'बेकिंग पावडर ३ चमचे.' तो तीन मुळात दोन होता. दोनाच्या पोटाखाली आणखी एक वळण घातलं होतं. हात सफाईदार, शाई जवळजवळ तीच. बनांचा मैदा, बिस्किटांचं आलं, ब्रेडचं मीठ, सगळीकडे तेच. लग्नात दोनाचे चार हात होतात म्हणतात. इथे माझ्या पाठीमागे कुणीतरी दोनाचे तीन करून ठेवले होते.

कुणीतरी कशाला? घरात मी सोडून वहीला हात लावणारी एकच होती, मोठी. तिला मी दोनदा स्वयंपाकघरात वही उघडून बसलेलं पाहिलं होतं. मी आले की ती वही मिटायची आणि पाणी प्यायला आल्यासारखा पेला भरायची.

त्या दिवसापासून मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. सांगायला लाज वाटते, पण तिच्या दप्तरातली पेनंही मी कागदावर ओढून पाहिली. एकाची शाई जुळल्यासारखी वाटली. दुसऱ्या वेळी पाहिलं तर नाही जुळली. संशय असाच असतो. मी तिच्या प्रत्येक गोष्टीत अर्थ शोधू लागले. मैद्याचा डबा तिने पुढे सरकवला तरी वाटायचं, का सरकवला?

रविवारी मी तिला मुद्दाम हाक मारली. "माझे हात लोण्याचे आहेत, जरा वाचून दाखवतेस? बेकिंग पावडर किती?"

ती पानावर वाकली. उत्तर यायला नको तेवढा वेळ लागला.

"तीन," ती म्हणाली.

"नक्की?"

"तीन लिहिलंय."

ती गेल्यावर मी दोन चमचे घातले. केक फुगला आणि फुगलेलाच राहिला. वर बारीक तडा, कडा सोनेरी. दुपारी कापला, तेव्हा नवऱ्याने पहिला घास घेतला आणि काटा खाली ठेवला. त्याचा चेहरा मला वाचता आला. जुळ्या वाद घालायचं विसरून खात होत्या. मोठीने एक तुकडा तोंडात घातला, तो कसाबसा गिळला, ताटली पुढे सारली आणि खोलीत निघून गेली.

झालं. माझ्या लेखी हा पुरावा होता. मी वही घेऊन तिच्या मागे गेले.

"यातले आकडे तू बदललेस का?"

"नाही."

"हे बघ, मी रागावणार नाही. पण खोटं बोलू नकोस. असे बदललेले आकडे मी रोज बघते."

तिने माझ्याकडे पाहिलं. रडेल असं वाटलं होतं, पण डोळे कोरडे होते. "मी आईच्या वहीत पेन लावेन?" एवढंच म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं.

नवऱ्याला सांगितलं. तो जिन्याच्या कठड्याला टेकला. "ती असं करणार नाही," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "करेल का गं?" असं मलाच विचारलं. त्याच्या मनातही मी ते विष कालवलं होतं. आठवडाभर घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. जुळ्यांनाही वास लागला असावा. त्या हळू आवाजात खेळायच्या.

पुढच्या रविवारी नणंद आली. नवऱ्याची मोठी बहीण, शाळेत शिवण शिकवते. तिचं बोलणं म्हणजे पाण्याचा नळ, सोडला की वाहत राहतो. माझ्या पोटाकडे बघून तिने सल्ले दिले, पडद्यांची शिवण उसवलेली दाखवली आणि केकचा तुकडा उचलला. दुसऱ्या घासाला ती थांबली.

"हा वहिनीचाच केक आहे," ती म्हणाली. "अगदी तोच. तुझा बसला कसा नाही? माझा तर दरवेळी बसतो. वहीतून आकड्याला आकडा उतरवून घेतलाय मी. तीन चमचे पावडर, सगळं अगदी तसंच."

"कधी उतरवून घेतलंत?" मी विचारलं.

"या जुळ्यांच्या वेळी. वहिनीला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं, मी महिनाभर इथे स्वयंपाकाला होते ना."

म्हणजे सहा वर्षांपूर्वीच तिथे तीन होता. तेव्हा मोठी सात वर्षांची होती. सात वर्षांच्या पोरीच्या हाताला ती सफाई नसते.

"सांग ना," नणंद म्हणाली, "तू किती घातलीस?"

मोठी पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होती. पेले घट्ट धरलेले, नजर माझ्यावर. मला सगळं कळलं नव्हतं, पण एवढं कळलं की माझ्या उत्तराची तिला भीती वाटते आहे.

"तीनच," मी म्हटलं.

"मग माझ्याच केकला काय होतं?"

"ओव्हनचा फरक असेल."

"मी कधीची ह्यांना सांगतेय, ओव्हन बदला म्हणून," नणंद म्हणाली आणि नळ पुन्हा वाहू लागला.

ती गेल्यावर मी भांडी घासायला घेतली. मोठी आपणहून आली आणि फडकं घेऊन पुसायला लागली. चार ताटल्या पुसून झाल्या.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "मी तुझ्यावर आळ घेतला. तुझं दप्तरही तपासलं. तेही चुकलं."

दप्तराचं तिला माहीत नव्हतं. तिचा हात थांबला. मला वाटलं, आता फडकं टाकून जाईल. गेली नाही.

"आईने माझ्यासमोर केलं ते," ती म्हणाली. "आत्या सगळ्यांना सांगायची की केक तिनेच आईला शिकवला. आणि वही मागत होती. आई म्हणाली, देते की. मग आत्या बाजारात गेली आणि आई पलंगावर बसून एकेका दोनाचा तीन करत गेली. मी पान उलटत होते. मी म्हणायचे, इथेपण कर, इथेपण. आम्ही इतक्या हसलो की आईला पोट धरावं लागलं. मग म्हणाली, हे आपल्या दोघींत. कुणाला सांगायचं नाही."

"बाबांनाही नाही?"

"कुणालाच नाही."

मी नळ बंद केला. त्या बाईची मला इतके महिने धास्ती होती. सुंदर अक्षराची, चुका न करणारी, सगळ्यांच्या आवडी जाणणारी. ती नणंदेवर सूड म्हणून पलंगावर बसून आकडे फिरवत होती. पहिल्यांदाच मला वाटलं, ही भेटायला हवी होती. आमचं जमलं असतं.

"पण मला माहीत होतं," मोठी म्हणाली. "तुमचा केक बसायचा तेव्हा मला माहीत असायचं का ते. आणि बसला की मला बरं वाटायचं."

"मला दिसायचं ते."

"मग त्या रविवारी तसाच झाला. आईसारखा. मग मला..." मी ओल्या हातानेच तिच्या खांद्याला हात लावला. तिने तो झटकला नाही, टेकलीही नाही. तशीच उभी राहिली.

नवऱ्याला मी एवढंच सांगितलं की मुलीचा काही दोष नाही, माझीच पाहण्यात चूक झाली. कसली चूक, हे त्याने दोनदा विचारलं. मी सांगितलं नाही, तेव्हा त्याला माझाच संशय आला. त्याला इलाज नव्हता.

त्यानंतर मोठी शनिवारी माझ्याबरोबर स्वयंपाकघरात उभी राहायला लागली. बनांना मैदा दोन वाट्या, आलं दोन चमचे, हे तिने सांगितलं. ब्रेडच्या मिठाचं विचारलं तर म्हणाली, "तो तीन खरा आहे." मी तीन घालून पाहिले, खारट. दोन घातले, अळणी. खरं माप वहीत नव्हतंच, ते हिलाच ठाऊक होतं. तिच्याकडे पाहिलं, तर चेहरा मख्ख. आईची पोर.

मला मुलगी झाली. दवाखान्यातून चौथ्या दिवशी घरी आले तेव्हा घरभर ब्रेडचा वास होता. मोठीने जुळ्यांना टेबलाशी बसवून ठेवलं होतं आणि सुरीने जाड जाड काप काढत होती. बाळाला बघायला सगळ्यांची झुंबड उडाली. मी एक काप उचलून चाखला. मीठ नेमकं होतं. मी मिठाच्या चमच्याकडे नजर टाकली, तो धुऊन उपडा घातलेला. भूक लागली होती, लोणी लावून काप खाल्ला.