देव्हाऱ्यातला तरणा नवरा

साऊआजीला एकच दुखणं होतं, आणि ते गुडघ्याचं नव्हतं. तिचा नवरा फार तरणा होता.

लाम तापाने गेला तेव्हा एकतीस वर्षांचा होता. ओळखपत्रावरच्या टिकलीएवढ्या फोटोवरून मोठा करून घेतलेला त्याचा फोटो तेव्हापासून पितरांच्या देव्हाऱ्यात होता. काळेभोर केस, गुळगुळीत गाल, शर्टाची कॉलर गळ्यापर्यंत लावलेली. आजी आता चौऱ्याहत्तरची. रोज सकाळी उदबत्ती लावून ती त्याला 'अहो' म्हणे, आणि हल्ली म्हणताना तिची तिलाच लाज वाटे. एवढ्याशा पोराला कसलं अहो!

गावातल्या तिच्या वयाच्या बायकांनी मेल्यावर देव्हाऱ्यात लावायचे आपापले फोटो कधीच काढून घेऊन ठेवले होते. आपण गेल्यावर पोरांनी धावाधाव करून कुठल्या तरी लग्नाच्या फोटोतलं तोंड कापून लावायचं, त्यापेक्षा जिवंतपणीच नीट बसावं, दोन्ही कान दिसतील असा समोरून फोटो काढून घ्यावा आणि कपाटात ठेवून द्यावा. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कालव्यापलीकडची ताम तर आल्यागेल्याला चहाबरोबर आपला फोटो दाखवायची. साऊआजीच तेवढी टाळत होती. नवराबायकोचे फोटो शेजारी शेजारी लागायचे ना!

आणि घरात तर फोटो काढणारा बसलेला. तिचा मुलगा फुओक. पन्नाशीचा गडी, दोन एकर पपनसाची बाग, साठ-सत्तर बदकं, आणि मेव्हण्याने जुना झाला म्हणून देऊन टाकलेला एक कॅमेरा. तो कॅमेरा घरात आला आणि हा माणूस खुरपणी अर्धी टाकून झाडाखाली पालथा पडलेला सापडायला लागला. पपनसाच्या फुलावरची मुंगी, कालव्यात उतरणारी बदकं, कपडे पिळताना वैतागलेली बायको, काही म्हणजे काही सोडायचा नाही.

"बदकंसुद्धा आता पाण्यात शिरण्याआधी यांच्याकडे बघून थांबतात," त्याची बायको लोआन म्हणायची. "मला मात्र आधी सांगत नाहीत. केस तरी विंचरले असते!"

"सांगितलं की तू फोटोतलं हसतेस," फुओक म्हणायचा. "मला घरातलं हवं असतं."

यंदा लामचं श्राद्ध पंधरा दिवसांवर आलं आणि फुओकने हट्टच धरला. "आई, सगळे येणार. तामकाकू पुन्हा विचारणार. बस बघू एकदाची."

बसली बिचारी. भर दुपारी, पपनसाखाली, मागे निळी चादर. लग्नाकार्याला घालायचा जांभळा लांब झगा, गळ्यात मोत्यांची माळ. फुओकने विन लाँग शहरातल्या बाजारातून फोटो मोठा करून आणला. आजीने तो नेऊन लामच्या फोटोशेजारी धरला. एका डोळ्यात मोतीबिंदू, त्यामुळे अगदी नाक लावून पाहिलं, आणि मटकन खाटेवर बसली.

"काय झालं? चांगला आलाय की!"

"आलाय की. आई आणि मुलगा, दोघंही छान दिसतात."

फुओकला हसू फुटलं आणि आजी भडकली. "हस! तुझं काय जातंय! उद्या मी वर गेले की तिथले लोक विचारतील, काय हो बाई, हे पोरगं तुमचं का? काय सांगू मी? आणि त्याने तरी मला ओळखायचं कसं? त्याने मागे ठेवली ती सव्वीस वर्षांची बायको. ही सुरकुतलेली म्हातारी समोर उभी राहिली, तर वाकून नमस्कार करेल मला!"

बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. थट्टा नव्हती ती. लाम आपल्याला ओळखणार नाही, या भीतीने तिची झोप उडाली होती.

"आई, तालुक्याला कॉम्प्युटरवर सुरकुत्या पुसून देतात," लोआन म्हणाली.

"तामच्या दिल्यात ना पुसून! तिची नातच विचारत होती, ही कोण बाई म्हणून. नको गं. मला माझंच तोंड घेऊन जायचंय."

फुओकच्या मनाला ते लागलं. त्याला वाटलं, चूक आपलीच. दुपारच्या उन्हाने सुरकुत्या जास्तच खोल दिसल्या. पहाटेच्या मऊ उजेडात ओसरीवर कसं जमतंय ते आधी करून बघावं. पण बसवायचं कुणाला? लोआन पळाली. मग त्याने स्वतःच शर्टाची कॉलर गळ्यापर्यंत लावली, स्टुलावर ताठ बसला आणि कॅमेऱ्याला टायमर लावला. तो फोटो मोठा करून आणला, माप बघायला म्हणून आईकरता आणलेल्या नव्या फ्रेममध्ये घातला, देव्हाऱ्याखालच्या पेटीवर ठेवला आणि विसरला.

श्राद्धाच्या सकाळी लोआनने लामची फ्रेम काच पुसायला मागच्या दारी नेली. इकडे आजी उदबत्त्या घेऊन आली. बघते तर देव्हाऱ्यातली जागा रिकामी आणि फ्रेम खाली पेटीवर. सुनेने पुसून ठेवलीय असं समजून तिने ती उचलून जागेवर लावली. तीन उदबत्त्या पेटवल्या. नमस्कार केला आणि सवयीने काचेला नाक लावलं.

लाम म्हातारा झाला होता.

कानशिलांवर पांढरे केस. डोळ्यांच्या कडांना रेघा. गाल बसलेले. कॉलर तीच, गळ्यापर्यंत लावलेली. फुओकने त्या यंत्राने काहीतरी करून बापाला वयात आणलं, असंच तिला वाटलं.

"अहो," ती म्हणाली, आणि आज तिला मुळीच लाज वाटली नाही. "किती वर्षं लावलीत! मी आपली एकटीच म्हातारी होत बसले इथे. आणि कानावर हे केस केवढे वाढलेत? तिकडे कुणी कापत नाही वाटतं?"

तिने चहा ओतून पुढे ठेवला, स्टूल ओढलं आणि बोलत बसली. कालव्याचा काठ ढासळला ते सांगितलं, यंदा पपनसं किती गोड निघाली ते सांगितलं, आणि तामच्या फोटोची मनसोक्त चेष्टा केली. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात लोआन पुसलेली फ्रेम घेऊन आत आली आणि किंचाळलीच.

"अहो आई! हे काय केलंत! हा बाबांचा फोटो नाही, यांचा आहे, फुओकचा! जिवंत माणसापुढे उदबत्ती लावलीत?"

आजीचं धाबं दणाणलं. तिने फोटो खाली ओढला, उदबत्त्या चहात विझवल्या. "फुओक! अरे, कुठे मे..." आणि जीभ चावली. "फुओक बाळा!"

फुओक गुडघाभर चिखलात, काखेत बदक, तसाच धावत आला. आजीने बदक सोडायला लावलं, त्याला देव्हाऱ्यासमोर बसवलं आणि नैवेद्याच्या पातेल्यातून भात, नारळाच्या पाण्यात शिजलेलं डुकराचं मटण आणि अंडी वाडग्यात घातली.

"जेव."

"आई, आधी बाबांना..."

"जेव म्हणते ना! वरच्यांना दिसू दे, हा अजून जेवतोय म्हणून."

"अहो, दोन वाडगे खा!" लोआन रडत होती आणि हसतही होती.

फुओक निमूट जेवायला लागला. आधी अंडं, मग भात, चरबीचा तुकडा शेवटाला. आजी समोर बसून बघत राहिली. लामही असंच खायचा. कानशिलं, डोळ्यांच्या रेघा, कानावरचे केस. हे तोंड तिच्यासमोर रोज जेवत होतं, आणि ती इतकी वर्षं फक्त वाडगा रिकामा झाला का तेवढं बघत आली होती.

"तुझा बाप असा दिसला असता," ती म्हणाली.

फुओकचा घास थांबला. "मी बाबांपेक्षा एकोणीस वर्षांनी मोठा झालोय, आई. मलाही त्यांच्याकडे बघून कसंतरीच होतं."

"कॅमेरा आण."

"आत्ता? पाहुणे येतील!"

"येऊ देत. आणि त्या यंत्रामागे तोंड लपवू नकोस. बाजूला उभा राहा, मला दिसशील असा."

लोआनने धावपळीत आजीला जांभळा झगा घरातल्या कपड्यांवरूनच चढवला. आजी ओसरीवर ताठ बसली. फुओक कॅमेऱ्याशेजारी उभा राहिला आणि बटण दाबलं. ती त्याच्याकडे बघत होती.

आठवड्याने फोटो आला. दोन्ही कान दिसत होते, सुरकुती एकही कमी नव्हती. नजर मात्र कुणीतरी ओळखीचं दिसल्यावर होते तशी होती.

फुओकचा फोटो आजीने स्वयंपाकघरात तांदळाच्या रांजणावर टांगला. "जिवंत माणसाची जागा ही," ती म्हणाली. मग आपला नवा फोटो तिने लामच्या शेजारी धरला. लोआन श्वास रोखून बघत होती. अजूनही आई आणि मुलगाच दिसत होते.

आजीने फोटो लाल कापडात गुंडाळून कपाटात ठेवला आणि उदबत्ती लावली.

"नाही ओळखलंत तर मी सांगेन ओळख," ती त्या एकतीस वर्षांच्या पोराला म्हणाली. "म्हातारपणी तुम्ही कसे दिसला असतात, ते तुम्हाला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. रोज जेवायला वाढते मी तुमच्या लेकाला. कानावरचे केस तेवढे कापा, बाकी चांगले दिसता हो."