कासारखोऱ्याचा रोल

कॅमेऱ्यात रोल घालताना मी इतकी घाई करत होते, की माझी मैत्रीण क्रांती हसायलाच लागली. हसू दे! अकरा वर्षांनी धरणाचं पाणी एवढं उतरलं होतं आणि कासारखोरे, तिच्या आजोबांचं बुडालेलं गाव, चिखलातून वर आलं होतं. शिराळ्याहून स्कूटीवर आम्ही तिथं पोहोचलो तेव्हा भिंती सुकून भेगाळल्या होत्या आणि आख्ख्या गावात आम्ही दोघीच.

कोंडीबाआजोबांचे गुडघे गेलेले. नव्या वसाहतीतल्या ओट्यावरूनच त्यांनी मला बजावलं होतं, "मदिहा, मारुतीच्या देवळामागचं तिसरं घर. माज्या घराचं दार तेवढं घिऊन ये. मोबाईलमदी नगं, कागदावर पायजे."

आजवर माझ्या फिल्मच्या वेडाला घरात सगळे नावंच ठेवायचे. कुणीतरी पहिल्यांदा कागदावरचा फोटो मागितला, म्हणून मी हवेतच होते. जातं, पायरी, अर्धी चूल, जे दिसेल ते टिपत सुटले. तिसऱ्या घराला दगडी चौकट अजून शाबूत होती. आत दाट सावली. क्रांतीनं मोबाईल काढताच मी तो हिसकावून डिकीत टाकला.

"अगं, एक तरी काढू दी!"

"न्हाई म्हंजे न्हाई. आज फक्त फिल्म."

हा माझा माज.

पुढच्या आठवड्यात वर घाटात धो धो पाऊस झाला आणि गाव पुन्हा पाण्याखाली गेलं. मी बिनघोर होते. न्हाणीघरात कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या कालवून पहिल्यांदाच घरी फिल्म धुतली. वास असा, की अम्मीनं तोंडाला पदर लावला. पण चित्रं उमटली! मी न्हाणीघरातच उड्या मारल्या. मग पट्टी उजेडात धरली आणि जागच्या जागी बसले. जात्यावर माणसांचे पाय, चुलीत ढोल, भिंतीवर पालखी. सगळी खिचडी.

आमच्या दोघींचा एक नियम होता. फिल्मचं शेपूट डबीबाहेर असेल तर रोल कोरा, आत ओढलेलं असेल तर काढलेला. क्रांतीनं त्याआधीच वसाहतीच्या जत्रेत आख्खा रोल काढला आणि धुताना मला शेपूट चटकन सापडावं म्हणून मुद्दाम बाहेर ठेवलं. मी तो कोरा समजून पुन्हा भरला. भांडलो. खूप भांडलो. पण मोबाईल डिकीत मीच टाकला होता, हे तिनं एकदाही काढलं नाही, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटली.

सांगलीहून दाराच्या त्या एकाच फोटोचा मोठा कागद करून आणला. पाकीट उघडूनही बघितलं नाही, तसंच आजोबांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "आवं आजोबा, माफ करा. माझ्या चुकीनं जत्रंचा फोटो आन दाराचा फोटो एकावर एक आलाय. दार नीट न्हाई आलं."

त्यांनी चष्मा पुसला. फोटो लांब धरला, जवळ धरला. मग बोट ठेवलं. मी वाकून बघितलं. दाराच्या काळ्या सावलीत पांढरा फेटा, पांढरं धोतर, गुडघ्यावर हात. जत्रेच्या मंडपात खुर्चीवर बसलेले आजोबा त्या चौकटीत बरोब्बर बसले होते.

"मीच की गं ह्यो," ते पुटपुटले.

मला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. तरी मनातलं बोललेच, "पुन्हा कधी पाणी उतरलं की नुसतं दार काढते, एकदम स्वच्छ."

"नगं पोरी." त्यांनी फोटो छातीशी धरला. "एकदा उठीवलंय मला तितनं. आता बसलोय, बसू दी."