मागचं शटर

अस्वलाचं काळंकुट्ट ढुंगण लाँड्रीच्या मागच्या दारातून आत शिरताना हवालदाराने पाहिलं, आणि त्याच्या मुरलेल्या हातांनी पुढचं काम आपोआप केलं. खाडकन शटर ओढलं, कडीला लटकत असलेलं कुलूप घातलं, त्यातली किल्ली खिशात टाकली. चोर शिरला की आधी मागची वाट बंद करायची, हे त्याच्या हाडीमाशी भिनलं होतं. "सापडला गडी!" असं तो मोठ्याने म्हणालासुद्धा.

ही ऐट पुढच्या दारापर्यंतच टिकली. लाँड्रीतली माणसं रस्त्यावर येऊन धापा टाकत होती आणि मालक एकेकाचं तोंड पाहत होता.

"अहो, तुमची ताई कुठंय?" त्याने हवालदाराला विचारलं. "चादरी काढायला मागे गेली होती."

"ताई? तिची पाळी दुपारची असते ना?"

"आज बदलून घेतली."

पुढचं दार माणसांनी पळताना ओढून घेतलेलं, मागचं त्याने स्वतः बंद केलेलं. मध्ये अस्वल आणि ताई. लहानपणी आई कामावर गेली की त्याला भरवणारी, अंधाराला घाबरला की बोट धरून संडासापर्यंत नेणारी ताई.

फोन करावा तर तिकडे घंटी वाजेल, म्हणून हात उचलेना. तेवढ्यात तिचाच फोन आला.

"बाळ्या," ती इतकं हळू बोलत होती की त्याने दुसरा कान दाबून धरला. "मी सुकवणीच्या यंत्रामागे आहे. ते शटरला धडका देतंय रे. मला त्याचा वास येतोय."

"हलू नकोस. मी आहे." तो बाहेर होता, याची त्याला लाज वाटली.

गर्दी तर विचारू नका. घरात उंदीर निघाला तर पलंगावर चढून बसणारे लोक इथे मोबाईल उंचावून पुढे सरकत होते. साहेबांना घेऊन आलेल्या पोलीस गाडीचा भोंगा बोंबलत होता. साहेब बाजूच्या खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले, "बंदूक घे. दिसलं की घाल गोळी."

हवालदाराने खिडकीतून आत पाहिलं. दोऱ्यांवर चादरीच चादरी. एक चादर हलली. तिच्यामागे काहीतरी काळसर वाकलेलं होतं. त्याने नेम धरला, आणि त्या काळसर आकाराने हळूच एक हात तोंडावर नेला. ती ताई होती. त्याने बंदूक खाली घेतली.

साहेबांनी बोलावलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई वाटेतूनच फोनवर त्यांना झापत होत्या. "गोळी अजिबात नको. जखमी झालं तर आतल्या बाईला फाडून काढेल. मी सुई मारली तरी गुंगी यायला वेळ लागतो. आधी तो भोंगा बंद करा, गर्दी हटवा, आणि आलं त्या वाटेने जाऊ द्या त्याला."

"आणि सुटून कुणाच्या घरात शिरलं तर? उत्तर कोण देणार?"

"साहेब," हवालदार म्हणाला, "आत माझी बहीण आहे."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग स्वतः जाऊन भोंगा बंद केला, लोकांना शिव्या घालत कोपऱ्यापलीकडे हाकललं आणि मागच्या गल्लीचं रस्त्याकडचं तोंड गाडी आडवी लावून अडवलं. आता गल्लीला एकच वाट उरली, नाल्याकडे आणि तिथून टेकडीवर.

शटर उघडायला हवालदार एकटाच गेला. आतून नखं पत्र्यावर खरवडत होती. त्याने खिशातून किल्ली काढली. पळून जावं असं त्याला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. कुलूप निघालं. त्याने शटर वर ढकललं आणि भिंतीला पाठ लावून डोळे मिटले. गरम, उग्र वासाचा झोत त्याच्या मांडीला घासून गेला. डोळे उघडले तेव्हा अस्वल नाल्यात उतरत होतं. एकदाही मागे न पाहता, जीव घेऊन पळत होतं ते. त्याच्याहून घाबरलेलं.

ताई बाहेर आली ती भिंत धरत धरत. आल्या आल्या तिने त्याचा दंड घट्ट पकडला आणि रडली. मग नाक पुसून म्हणाली, "मी सुटलेच होते रे. ते आत आलं तेव्हा मी या दाराजवळच कपाटाआड होते. ते पुढे गेलं, मी निघाले, दोन पावलांवर बाहेरचं ऊन दिसत होतं. तेवढ्यात कुण्या गाढवाने तोंडावर शटर ओढलं. त्या आवाजाने ते मागे फिरलं."

हवालदाराने किल्लीची मूठ आणखी आवळली.

"कोण होता रे तो? दिसू दे मला, कानाखाली जाळच काढते."

त्याने मूठ उघडली. किल्लीचा वळ तळहातावर उमटला होता.

ताईने किल्लीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. कानाखाली काढायला उचललेला हात तिने तसाच खाली घेतला. "चल घरी," ती म्हणाली, आणि त्याचा दंड सोडून पुढे चालू लागली.